ईपीसीआर सारखा ‘पेंडिंग’ राहतो, वेळा उलट्यासुलट्या पडतात: आम्हाला सापडलेलं कारण आणि उपाय

ईपीसीआर म्हणजे अँब्युलन्समधल्या पेशंटची टॅबवर भरायची नोंद. आधी त्रास काय ते सांगते, म्हणजे तुमचाही तोच आहे का ते कळेल. केस संपते, कॅज्युअल्टीत हँडओव्हर होतो, ईएमटी (गाडीत पेशंटला सांभाळणारा) टॅबवर डॉक्टरांची सही घेऊन ईपीसीआर बंद करतो आणि वर कोपऱ्यात ‘पेंडिंग १’ दिसतं. रेंज आली की जाईल म्हणून सगळे सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पेंडिंग ४, तिसऱ्या दिवशी ७. टॅबला रेंज फुल आहे, त्याच टॅबवर मॅप चालतोय, पण रेकॉर्ड काही सर्व्हरला जात नाही. मग कुणी सिम बदलतं, कुणी रिचार्ज बघतं, कुणी टॅब बंद करून चालू करतं, आणि शेवटी एखादा कंटाळून अ‍ॅपच काढून परत टाकतो. पेंडिंग शून्य दिसतं, सुटलो असं वाटतं, पण ते सात रेकॉर्ड सर्व्हरला गेलेले नसतात, ते पुसले गेलेले असतात. सात पेशंटना गाडीत काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं याची एकमेव लेखी नोंद गेली.

म्हणून बाकीचं वाचायच्या आधी एवढं लक्षात ठेवा: पेंडिंग आहे तोवर अ‍ॅप अनइन्स्टॉल करू नका, सेटिंगमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ दाबू नका, फॅक्टरी रिसेट तर अजिबात नको. ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ ही बटणं जवळजवळ असतात, नावंही सारखी वाटतात, घाईत चुकीचं दाबलं जातं आणि सर्व्हरला न गेलेला रेकॉर्ड फक्त त्या एका टॅबमध्येच असतो. टॅब बदलायचीच वेळ आली तर आधी एकेक पेंडिंग रेकॉर्ड उघडून कागदी पीसीआरच्या फॉर्मवर उतरवून काढा, वेळ लागतो, लागू दे. आणि त्याचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, पेशंटचं नाव, पत्ता, आजार सगळं त्यात असतं आणि ग्रुपवर कोण कोण आहे हे आपल्याला धड माहीतही नसतं.

मी सहा वर्षं गाडीवर ईएमटी होते, गेली दोन वर्षं रोजचे ईपीसीआर तपासायचं काम माझ्याकडे आहे. आमची सेवा म्हणजे सरकारी १०८ नव्हे, ती फार मोठी, २०१४ साली ९३७ गाड्यांची म्हणून सुरू झाली, त्यातल्या २३३ एएलएस (प्रगत उपचारांच्या) आणि ७०४ बीएलएस (प्राथमिक उपचारांच्या). आमच्या सगळ्या मिळून पाच गाड्या. पण डोंगर सगळ्यांना सारखाच. आमचा भाग म्हणजे महाबळेश्वरच्या आजूबाजूच्या वाड्या, खाली पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट, मेढ्याकडचा केळघर घाट, आणि मोठी केस असली की पेशंट न्यायचा साताऱ्याला. ह्या रस्त्यांवर एका वळणावर रेंज असते आणि पुढच्या वळणावर नसते. त्यामुळे काहीही अडकलं की आमच्यात पहिलं वाक्य ठरलेलं, ‘घाटात रेंज नव्हती.’ मीही वर्षभर तेच धरून चालले होते आणि तिथेच चुकले.

गेल्या पावसाळ्यात तीन नंबरच्या गाडीच्या टॅबवर ११ रेकॉर्ड अडकले, चार दिवस झाले तरी जाईनात. टॅब मागवून घेतला, माझ्या टेबलावर ऑफिसच्या वायफायला लावला, तरी तेच. आता रेंजचं कारण सांगायला जागाच उरली नाही. मग पहिल्यांदा मी ती यादी नीट उघडली, सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात जुना रेकॉर्ड उघडला, आणि वेळांच्या पानावर गेले. तिथे होतं असं: कॉल आला १९:४४, गाडी निघाली १९:४८, पेशंटपाशी पोचलो १९:४३. फोन यायच्या एक मिनिट आधी आमचा ईएमटी पेशंटपाशी पोचलेला. सर्व्हरने हा रेकॉर्ड नाकारला होता आणि योग्यच केलं होतं, कारण अशी केस होऊच शकत नाही. पण टॅबवर त्याचा मेसेज काय, तर ‘सिंक झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा’. तो वाचून कुणालाही नेटच वाटणार.

आणि दुसरी गोष्ट त्याच वेळी कळली. बाकीचे दहा रेकॉर्ड अगदी चांगले होते, एकातही चूक नव्हती. पण आमचं अ‍ॅप रेकॉर्ड एका रांगेत पाठवतं, पहिला गेला की दुसरा. पहिलाच नाकारला जातोय, अ‍ॅप परत परत तोच पाठवतंय, आणि मागचे दहा उभेच. एसटीच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीवर पुढच्या माणसाचं काहीतरी अडलं की मागची सगळी रांग जशी थांबते तसं. त्यामुळे पेंडिंग ११ दिसलं तरी बिघडलेला बहुतेक एकच असतो, आणि तो सगळ्यात जुना असतो, हे पहिल्यांदा बघा. नव्या रेकॉर्डमध्ये चूक शोधत बसाल तर दिवस जाईल.

आता ती १९:४३ आली कुठून? मी त्या रात्रीच्या ईएमटीला बोलावलं. मला वाटलं घाईत हाताने वेळ टाकली असेल. तो म्हणाला, “ताई, मी वेळ टाइपच केली नाही, ‘आता’चं बटण दाबलं.” आमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक वेळेच्या रकान्याशेजारी ‘आता’ असं बटण आहे, ते दाबलं की टॅबचं घड्याळ जे दाखवतंय ते उचललं जातं. कॉल आल्याची आणि गाडी निघाल्याची वेळ मात्र टॅबची नसते, ती कंट्रोल रूमच्या सर्व्हरकडून येते. म्हणजे एकाच रेकॉर्डमध्ये दोन घड्याळांच्या वेळा. त्यातलं टॅबचं मागे होतं, पण का मागे होतं ते पायलट मामांनी, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनी सांगितलं, मी विचारलंही नव्हतं, ते बाजूला उभे होते. “टॅब तर मेलेला होता ताई. कॉल माझ्या मोबाइलवर आला. निघाल्यावर टॅब चार्जिंगला लावला, घाटात गेल्यावर चालू झाला. चावी काढली की ते सॉकेट मरतं ना.”

ह्या एका वाक्यात सगळं होतं. गाडीतलं चार्जिंगचं सॉकेट इग्निशनवर आहे, गाडी बेसवर उभी असली की चार्जिंग बंद. दिवसभर कॉल नसला की संध्याकाळपर्यंत टॅब शून्यावर. आमच्या टॅबची बॅटरी पूर्ण संपली की आतलं घड्याळही थांबतं, आणि परत चालू केला की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालायला लागतं. रेंज असेल तर टॅब मिनिटभरात नेटवरून वेळ दुरुस्त करून घेतो, कुणाला कळतही नाही. पण त्या रात्री तो १९:२५ च्या सुमारास बंद पडला आणि २०:०३ ला घाटात, रेंज नसताना चालू झाला. ३८ मिनिटं मागे. मी दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली, टॅबचं सिम काढलं, वायफाय बंद केलं, बॅटरी पूर्ण संपू दिली, तासाभराने चार्जरला लावून चालू केला, आणि माझ्या मोबाइलशेजारी ठेवून बघितला. बरोबर तासभरच मागे. तुमचा टॅब वेगळं करू शकतो, काही टॅब सरळ कुठल्यातरी जुन्या वर्षाची तारीख दाखवतात, ते तरी बरं, लगेच डोळ्यात भरतं. ३८ मिनिटं कुणाच्या लक्षात येणार, त्यातून समोर पेशंट असताना.

हे फक्त सिंकपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या रात्रीची केस पक्षाघाताची होती. आजोबा, उजवा हात उचलत नव्हता, तोंड वाकडं झालं होतं, बोलणं अडखळत होतं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही हे ठरवताना साधारण साडेचार तासांची मर्यादा धरतात, आणि ती मोजायची पेशंटला शेवटचं नीट कधी पाहिलं तिथपासून, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे बघावं लागतं. ईएमटीने सुनेला विचारलं, कधीपासून असं होतंय, त्या म्हणाल्या, झाला असेल तासभर. त्याने अ‍ॅपमध्ये ‘किती वेळापूर्वी’ ह्या रकान्यात एक तास निवडलं आणि अ‍ॅपने टॅबच्या घड्याळातून तास वजा करून लिहिलं १८:४३. खरं घड्याळ तेव्हा २०:२१ होतं. म्हणजे कागदावर आजोबांची मुदत रात्री २३:१३ ला संपत होती. हॉस्पिटलला पोचायलाच २२:२५ झाले, पुढे सीटी, रक्त तपासणी.

वेळ सावरली ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे ह्या मुलाने सुनेला परत विचारलं होतं की तेव्हा घरात काय चाललं होतं, तर त्या म्हणाल्या, वाडीतल्या देवळात आरती सुरू झाली तेव्हा बाबा ओट्यावर बसून टाळ्या वाजवत होते, आरती सव्वासातला असते. दुसरं म्हणजे त्याने हे सगळं सवयीने पॅन्टवर मांडीपाशी चिकटवलेल्या मायक्रोपोरच्या पट्टीवर लिहिलं होतं, हातातल्या घड्याळाच्या वेळेसकट: ‘२०:२१, बीपी १८०/१००, शुगर १४२, आरती ७:१५ ला नीट.’ कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी टॅब आणि मॉनिटरची (गाडीतल्या ईसीजीच्या यंत्राची) छापील पट्टी दोन्ही बघून विचारलं की ह्यातलं खरं कुठलं, तेव्हा त्याने ती मायक्रोपोरची पट्टी पॅन्टवरून काढून केसपेपरला चिकटवली. १९:१५ धरलं तर मुदत २३:४५. बत्तीस मिनिटांचा फरक.

मॉनिटरची पट्टी, ते तिसरं घड्याळ. त्यावर पहिल्या ईसीजीची वेळ होती २०:३३, टॅबवर त्याच ईसीजीची १९:४६, आणि खरी वेळ २०:२४. आमच्याकडच्या मॉनिटरला नेट नाही, त्याचं घड्याळ कुणीतरी कधीतरी हाताने लावलेलं असतं आणि ते हळूहळू सरकत जातं, आमचं नऊ मिनिटं पुढे गेलं होतं. कार्डिअ‍ॅक अरेस्टच्या केसमध्ये अ‍ॅड्रेनालिन दर ३ ते ५ मिनिटांनी द्यायचं असतं, शॉक कधी दिला, नाडी कधी आली, हे सगळं मिनिटांवर असतं. शॉकची वेळ मॉनिटरच्या घड्याळाची आणि औषधाची वेळ टॅबच्या घड्याळाची असेल तर त्या रेकॉर्डवरून कुणालाही काहीही शिकता येणार नाही, उलट चांगलं काम केलेल्या टीमवरच उशिराचा ठपका बसेल.

आता उपाय. पहिला उपाय वायरमनचा आहे. टॅबच्या चार्जिंगचं सॉकेट इग्निशनवरून काढून थेट बॅटरीवर घेतलं, मध्ये फ्यूज टाकून. गाडीची बॅटरी उतरेल अशी भीती होती, पण टॅबला लागतं ते फार थोडं, आणि आमच्या गाड्या रोज फिरतातच. ज्यांना वायरिंगला हात लावायची परवानगी नाही त्यांनी बेसवर आल्यावर टॅब काढून खोलीत चार्जिंगला लावायचा, आणि त्याची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर ठेवायची. दोघांवर ठेवली की राहून जातं, हे आम्ही करून बघितलंय.

दुसरा उपाय ड्युटी घेतानाचा. ऑक्सिजनचं प्रेशर बघतो, सक्शन बघतो, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मोजतो, तसंच तीन घड्याळं बघायची. कंट्रोल रूमला फोन लावायचा, ते त्यांच्या स्क्रीनवरची वेळ सेकंदासकट वाचतात, त्या क्षणी टॅब आणि मॉनिटर काय दाखवतोय ते चेकलिस्टच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. टॅबवर ‘ऑटोमॅटिक तारीख आणि वेळ’ चालू आहे का तेही तेव्हाच बघायचं, गेमसाठी नाहीतर कशासाठी कुणी बंद केलेलं असतं. फरक मिनिटापेक्षा जास्त असेल तर टॅब रेंजमध्ये धरून वेळ दुरुस्त होऊ द्यायची. मॉनिटरचं घड्याळ मात्र आम्ही ईएमटीला बदलू देत नाही, ते सेटिंगमध्ये खोल असतं, तिथे अलार्मची मर्यादाही हलू शकते. नुसता फरक लिहायचा, ‘मॉनिटर ९ पुढे’, एवढंच. महिन्यातून एकदा बायोमेडिकलचा माणूस येतो तेव्हा तो लावून देतो. ह्या सगळ्याला दीड मिनिट लागतं. सुरुवातीला कुरकुर झाली, मग मी त्या आजोबांचा रेकॉर्ड सगळ्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवला, १८:४३ आणि १९:१५, त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

तिसरं, टॅब घाटात किंवा रस्त्यात चालू झाला असेल तर ‘आता’ बटणावर विश्वास ठेवायचा नाही. चालू झाल्या झाल्या हातातल्या घड्याळाशी जुळवायचा, जुळत नसेल तर वेळ हाताने टाकायची आणि शेरा लिहायचा की टॅबचं घड्याळ चुकीचं होतं. मायक्रोपोरची पट्टी किंवा ग्लोव्हजची पाठ, जी तुमची सवय असेल ती सोडू नका. टॅब आला म्हणून ती जुनी पद्धत झाली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता जे रेकॉर्ड आधीच अडकलेत त्यांचं काय. इथे एक चूक फार होते, आमच्याकडेही व्हायची, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. फॉर्म जात नाही म्हणून ईएमटी वेळा ‘ॲडजस्ट’ करतो. १९:४३ च्या जागी १९:५५ टाकतो, सर्व्हर घेतो, पेंडिंग शून्य. पण १९:५५ ला तो पेशंटपाशी नव्हता, तो रस्त्यात होता. चूक होती ती निदान दिसत होती, आता ती दिसतही नाही. शिवाय प्रतिसादाचा वेळ सात मिनिटं असा सुंदर आकडा तयार होतो, आणि त्यावरून वर कुणीतरी ठरवतं की ह्या भागात आणखी गाडीची गरज नाही. खरं तर त्या वाडीला पोचायला निघाल्यापासून तेहेतीस मिनिटं लागली होती. वाडीतल्या लोकांच्या वाट्याची गाडी अशी कागदावर हरवते.

दुरुस्ती अशी करा. खरी वेळ कळण्याचे तीन-चार रस्ते असतात. गाडीत जीपीएस ट्रॅकर असेल तर उत्तम, कारण त्याला वेळ उपग्रहाकडून मिळते, मोबाइलची रेंज नसली तरी त्याचं घड्याळ बरोबर असतं, तो नोंदी साठवून ठेवतो आणि रेंज आल्यावर पाठवतो. आमच्या ट्रॅकरवर गाडी वाडीच्या फाट्यावर २०:१९ ला थांबलेली दिसली, पट्टीवर पेशंटपाशी २०:२१, जुळलं. मग टॅबची वेळ आणि खरी वेळ यांचा फरक काढायचा, इथे ३८, आणि तो टॅबच्या वेळांमध्ये मिळवायचा. पण सगळ्या वेळांमध्ये नाही, हे नीट ऐका. वर महाबळेश्वरला आल्यावर रेंज मिळाली आणि टॅबचं घड्याळ एकदम ३८ मिनिटं पुढे उडी मारून बरोबर झालं. तिथून पुढच्या वेळा खऱ्याच आहेत, त्यात ३८ मिळवले तर नवीनच गोंधळ. उडी कुठे पडली ते ओळखायचं सोपं आहे, आमच्याकडे दर दहा मिनिटांनी बीपी घेतात, त्यात एका ठिकाणी दोन बीपींमध्ये ४८ मिनिटांचं अंतर दिसलं. तीच जागा.

मूळ वेळ खोडायची नाही. बहुतेक अ‍ॅपमध्ये दुरुस्तीची वेगळी नोंद करता येते, जुनी वेळ तशीच राहते, नवी वेळ, कुणी बदलली, कधी बदलली आणि का, हे शेजारी येतं. कारणाच्या जागी नुसतं ‘चूक’ लिहू नका, ‘टॅब बंद पडल्याने घड्याळ ३८ मिनिटं मागे, ट्रॅकर आणि हस्तलिखित नोंदीवरून दुरुस्ती’ असं पूर्ण लिहा. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसमध्ये तर हे फारच जपायचं. अपघात, मारामारी, विषबाधा, ह्यातला रेकॉर्ड उद्या कोर्टात मागितला जाऊ शकतो, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पुरावा म्हणून द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. उघडपणे केलेली दुरुस्ती समजावून सांगता येते, गुपचूप बदललेली वेळ सांगता येत नाही. रस्ते अपघातात पहिल्या तासाला तर कायद्यातच जागा आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली, इजा झाल्यापासूनचा एक तास. तो तास मोजायला खरी वेळच लागते.

सगळ्यांचं कारण घड्याळ मागे पडणं हेच असेल असं नाही, दिसायला सारखी पण आतून वेगळी अशी काही कारणं आम्हाला सापडली ती भराभर सांगते. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, ना मिनिट कमी ना जास्त, तर टॅबचं घड्याळ ठीक आहे, अ‍ॅप किंवा सर्व्हर भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) यांची सरमिसळ करतोय, ते तुमच्याने सुटणार नाही, सरळ व्हेंडरला (अ‍ॅप पुरवणाऱ्या कंपनीला) कळवा. अमेरिकेत नेमसिस म्हणून जो ईपीसीआरचा राष्ट्रीय नमुना आहे त्यात प्रत्येक वेळेसोबत यूटीसीपासूनचा फरकही लिहावाच लागतो, आपल्याकडे तो +०५:३० झाला असता, तसं ठेवलं तर हा घोळ राहतच नाही. रात्री बारा ओलांडणारी केस असेल तर तारीख बघा, २३:५० ला निघालो आणि ००:१० ला पोचलो असं हाताने टाकताना तारीख आदल्याच दिवशीची राहते आणि पोचणं निघण्याच्या आधी पडतं, आमच्या नाईटच्या रेकॉर्डमध्ये हे दर आठवड्याला एकदा तरी सापडायचं.

आणि मराठी कीबोर्ड! हे शोधायला मला तीन आठवडे लागले. एक ईएमटी ताई पेशंटची हकीगत मराठीत फार सुंदर लिहितात, त्यासाठी कीबोर्ड मराठी ठेवतात, आणि त्याच कीबोर्डवरून नाडीच्या रकान्यात ८८ टाकतात. स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशी दिसतं, माणसाला वाचता येतं, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे ही वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि आमच्या सर्व्हरला आकड्यांच्या रकान्यात फक्त इंग्रजी आकडेच चालत होते. टॅब काही बोलला नाही, सर्व्हरने नाकारलं. ताईंना मराठी लिहू नका असं सांगणं चुकीचं ठरलं असतं, त्यांच्या हकीगती डॉक्टर लोक आवर्जून वाचतात, म्हणून आम्ही व्हेंडरच्या मागे लागून आकड्यांच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडेल असं करून घेतलं. तोवर कीबोर्ड बदलून आकडे टाकायचे एवढंच सांगितलं होतं.

रेकॉर्ड चांगला आहे, वेळाही बरोबर आहेत, तरी टॅब उघडून अ‍ॅप समोर ठेवलं तरच जातो, खिशात किंवा होल्डरला असताना जात नाही, असं असेल तर तो बॅटरी वाचवण्याचा प्रकार आहे. अँड्रॉइड ७ पासून स्क्रीन बंद आणि चार्जिंग नसलं की मागे चालणाऱ्या अ‍ॅपना झोपवलं जातं, काही कंपन्या त्याच्याही पुढे जाऊन अ‍ॅप बंदच करतात. अ‍ॅपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. ईसीजीचा फोटो जोडलेले रेकॉर्डच अडकत असतील तर फोटोची साइज कमी करा, डोंगरातल्या कमजोर रेंजवर पाच-सहा एमबीचा फोटो अर्ध्यात तुटतो आणि पहिल्यापासून सुरू होतो.

व्हेंडरकडून काय मागायचं तेही सांगते, कारण हे सगळं ईएमटीच्या खांद्यावर टाकणं बरोबर नाही, त्याच्या हातात पेशंट असतो. एक नाकारलेला रेकॉर्ड बाजूला काढून बाकीचे पुढे जाऊ द्यावेत. मेसेजमध्ये नेमकं कारण मराठीत यावं, ‘पोचल्याची वेळ कॉलच्या आधीची आहे’ असं. टॅब आणि सर्व्हरच्या घड्याळात दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर केस उघडतानाच लाल पट्टी दिसावी. आणि अँड्रॉइडमध्ये टॅब चालू झाल्यापासून किती वेळ गेला हे मोजणारं एक वेगळं आतलं घड्याळ असतं, भिंतीवरची वेळ पुढेमागे झाली तरी ते उडी मारत नाही. प्रत्येक ‘आता’सोबत तेही साठवलं तर मधे टॅब परत बंद पडला नसेल तोवर रेंज आल्यावर अ‍ॅपला सगळ्या वेळा आपोआप बरोबर लावता येतात. आमच्या व्हेंडरने पहिल्या दोन गोष्टी केल्या, लाल पट्टीचं काम चालू आहे, चौथ्याबद्दल अजून हो-ना चाललंय, मी दर महिन्याला विचारते.

हे सगळं बघूनही रेकॉर्ड हलत नसेल तर व्हेंडरला फोन करताना ‘सिंक होत नाही’ एवढंच सांगू नका, ते तुम्हाला परत नेटच तपासायला सांगतील. सगळ्यात जुन्या पेंडिंग रेकॉर्डचा नंबर, त्याच्यातल्या सगळ्या वेळा क्रमाने, त्या रात्री टॅब बंद पडला होता का आणि कुठे चालू झाला, अ‍ॅपचं व्हर्जन, आणि मेसेजचे जसेच्या तसे शब्द, एवढं कागदावर लिहून मग फोन लावा. पेशंटचं नाव सांगायची गरज नाही, रेकॉर्डच्या नंबरवर काम होतं. आणि फोनवरचा माणूस म्हणाला की अ‍ॅप काढून परत टाका, तर आधी त्याच्याकडून लेखी घ्या की टॅबमधले पेंडिंग रेकॉर्ड त्यांच्याकडे उतरले आहेत.